कढईचे कान कशावर बसतात?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत भंगारातल्या वस्तूंपासून दागिने करण्याविषयी लेख आला होता. मी तो दोनदा वाचला, कारण हेच काम मी गेली अकरा वर्षं करते. लेख चांगला होता, फोटोही छान होते. पण शेवटच्या चौकटीत लिहिलंय की डाख, म्हणजे वितळवलेल्या धातूचा सांधा, न देता जोडलेला दागिना 'तात्पुरता' असतो, हौस म्हणून करून बघायला ठीक आहे, पुढे पक्कं काम करायचं तर आधी गॅसचा टॉर्च विकत घ्यावा. हे वाचलं आणि मी चहाचा कप तसाच ठेवून आमची जुनी लोखंडी कढई उलटी केली.

तुम्हीही करा. जुनी असेल तर तिचे दोन्ही कान रिबिटांवर बसलेले दिसतील. एकेका कानाला दोन-दोन रिबिटं, ठोकून चपटी केलेली. आमच्या कढईनं माझ्या सासूबाईंच्या काळापासून दिवाळीचं तळण काढलंय. उकळतं तेल घेऊन ती चुलीवरून खाली उतरते, आणि कान सुटून कोणाच्या पायावर तेल सांडलंय असं आमच्या घरात झालेलं नाही. तिला कोणी तात्पुरती म्हणत नाही. मग तसंच रिबिट मारलेला गळ्यातला डाग, म्हणजे दागिना, तात्पुरता कसा?

माझी ओळख करून द्यायला हवी. मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात सायकल दुरुस्तीचं दुकान चालवते. दुकान यांचं होतं. हे गेल्यावर पोरं म्हणाली विकून टाक, मी म्हटलं राहू द्या. पंक्चर काढायला मी आधीपासून बसत होतेच. आता सायकली कमी झाल्या, पण शाळेच्या पोरींना सरकारच्या मानव विकास योजनेतून सायकली मिळतात, त्यांच्या चेनी उतरतात, चाकातले छर्रे फुटतात, आणि माझं दुकान चालतं. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी डबे उपसते. एका डब्यात वायसर, एकात छर्रे, एकात स्पोकच्या निपला, एकात जुन्या घंट्यांच्या वाट्या, एकात कसलंच नाव नसलेल्या वस्तू. शेवटच्या डब्यात सगळ्यात जास्त मजा असते.

सायकलच्या दुकानात बसणाऱ्या बाईला कोणी सांगू नये की डाख नसेल तर सांधा कच्चा. चेन हातात घेऊन बघा. अर्ध्या अर्ध्या इंचावर एक पिन, प्रत्येक पिन ठोकून बसवलेली, आणि संपूर्ण चेनीत डाखाचा एक थेंब नाही. तीच चेन पाठीमागे बहीण आणि पुढे पिठाचा डबा घेऊन चढावर पोरीला ओढून नेते. शिवाय ती वळते. चेन डाख देऊन जोडली असती तर ती काठी झाली असती. मला दागिन्यातही हेच हवं असतं: मान वळली की हलावं, थोडं वाजावं.

आता मुद्द्याचं. भंगाराला आच का लावू नये, हे त्या लेखात कुठेच नव्हतं, आणि माझ्या मते तेच पहिलं यायला हवं होतं.

सोनाराला माहीत असतं की त्याच्या हातात काय आहे. सोनं किती कसाचं, चांदीत तांबं किती, सगळं तोलून घेतलेलं असतं. तो टाकणखार लावतो, फुंकणीनं ज्योत वळवतो आणि झाळतो. भंगाराचं तसं नसतं. वस्तू पिवळी दिसली म्हणजे पितळच असेल असं नाही, लोखंडावर मुलामा असू शकतो. पांढरी दिसली तर स्टील असेल, ॲल्युमिनियम असेल, जस्त चढवलेलं लोखंडही असेल. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, आणि वितळण्याआधी तांबं जसं लाल होऊन इशारा देतं तसा हे देत नाही. बघता बघता खाली थेंब पडलेला असतो. शिवाय त्याच्यावर ऑक्साइडचा जो थर असतो त्यामुळे साधा डाख त्याला धरतच नाही. आणि मी तर धातूबरोबर काच लावते, बाभळीच्या लाकडाचे मणी लावते, सायकलच्या ट्यूबचं रबर लावते, जुन्या लुगड्याच्या काठाची पट्टी लावते. यातलं काय ज्योतीपुढे टिकेल?

आणि जस्ताचं मी अंगावर काढलंय. सुरुवातीच्या वर्षी भाच्याचा टॉर्च आणला होता. चार जस्ती वायसर एकमेकांना जोडून बांगडीची पट्टी करायची होती. पावसाळा होता, म्हणून दुकानाचं शटर अर्धं खाली घेतलेलं. वायसर तापले तसा पांढरा धूर निघाला आणि कापसाच्या तंतूंसारखं पांढरं काहीतरी उडालं. मला वाटलं मळ जळतोय. रात्री हुडहुडी भरून ताप आला, तोंडात पैसा चघळल्यासारखी चव, अंग मोडून आलेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपोआप उतरलं. वेल्डिंगवाल्या पोराला सांगितलं तर तो हसायला लागला. "काकू, जस्ताचा ताप हाय तो. मले बी आलता. जस्ती माल कायले तापवला तुमी?" त्याला हे माहीत होतं, मला नव्हतं. दागिने शिकवणाऱ्या माणसानं तरी हे आधी सांगायला नको का?

रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून डाखाची तार आणून काम करणारेही आहेत. ती तार स्वस्त असते, 183 अंशांना वितळते, काम झटपट होतं. पण त्या जुन्या तारेत कथलाबरोबर शिसं असतं. लहान पोर आईच्या कडेवर बसलं की पहिल्यांदा गळ्यातलं तोंडात घालतं, हे ज्यांच्या घरात पोर आहे त्यांना सांगायला नको. आणि सोन्याचा कस घटू नये म्हणून सोन्याच्या कामात कॅडमियमचा डाख आला, तेच केडीएम, त्याची वाफ झाळणाऱ्या कारागिरांच्या फुप्फुसात जात होती. म्हणून तेही मागे पडलं. सोनारकामात पिढ्या गेलेल्या लोकांना हे भोगावं लागलं, आणि आपण बचत गटाच्या बायांना दहा बाय दहाच्या खोलीत, भंगाराच्या ढिगासमोर टॉर्च घेऊन बसा म्हणतो.

गोंदाचंही सांगते, म्हणजे कोणी तो मार्ग धरणार नाही. एका लग्नाला मी स्वतःचे झुमके घालून गेले. घंटीच्या वाटीला आतून काचेचा मणी चिकटवलेला, तो झटकन चिकटणारा गोंद लावून. मे महिना, मांडव टिनाचा, आणि आमच्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. पंगतीत वाकून वाढत होते, आणि डाव्या कानातला मणी सुटून व्याह्यांच्या वरणात पडला. टपकन आवाज झाला. त्यांना वाटलं लवंग आहे. मी काही बोलले नाही, पुन्हा वरण वाढायच्या निमित्तानं पळीनं तो काढून घेतला. त्या दिवसापासून माझ्या दुकानात गोंद फक्त पंक्चरच्या ठिगळाला लागतो.

तर मग सांधायचं कसं? यासाठी मला कुठे लांब जावं लागलं नाही. आमच्या गावाच्या पलीकडे बंजाऱ्यांचा तांडा आहे. तिथली एक म्हातारी याडी (त्यांच्या बोलीत आई) बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानाच्या ओट्यावर टेकते. तिची कांचळी, म्हणजे भरतकामाची चोळी, मी कितीदा जवळून पाहिली. नाणी, कवड्या, आरशाचे तुकडे, शिशाचे मणी, सगळं सुईदोऱ्यानं बसवलेलं. पन्नास वर्षांची कांचळी, आणि तिच्यातलं एक नाणं हललं नाही, म्हणजे हलतं सगळंच, पण गळालं नाही. मी विचारलं, याडी, एवढं घट्ट कसं राहतं? ती म्हणाली, "घट्ट नाई बाई. नाणं थोडं हाललं पायजे. आवळून बांधलं का ते कापडच फाडते." मी हे ऐकलं आणि माझ्या निम्म्या चुका कळल्या. मी तारेच्या कड्या आवळून बसवत होते, म्हणून भोकं झिजत होती.

आणि आपल्याकडचं तरी काय? मंगळसूत्राची पोत पटवेकऱ्याकडे गाठवून घेतो, कुठे दोऱ्यात, कुठे तारेत, मणी एकेक करून. आपला सगळ्यात महत्त्वाचा डाग गाठीवर उभा आहे. कुंदनाच्या कामात तर शुद्ध सोन्याचा वर्ख खड्याभोवती नुसता दाबून बसवतात. सोनं इतकं शुद्ध असतं की दाबानंच एकजीव होतं, तिथे ज्योत लागत नाही. म्हणजे हे काम गरिबाची सोय म्हणून निघालेलं नाही.

आता एक नग कसा होतो ते सांगते. पत्र लांबलं तर वरचं काही कापा, पण हा भाग कापू नका.

आमच्याकडे सासूबाईंचं एक पितळी ताट होतं, भंडाऱ्याचं. भंडारा पितळी भांड्यांसाठी नावाजलेला, त्यांच्या माहेरचा तो अहेर. घासून घासून ताट मधे इतकं पातळ झालं की चीर गेली. मोडीत द्यायला जीव होईना. दुसरीकडे भोकाचे पैसे होते सात-आठ. नव्या वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगते, चौसष्ट पैशांचा रुपया होता तेव्हाचा हा पैसा. महायुद्धात तांब्याची चणचण झाली म्हणून 1943 पासून मधे मोठं भोक पाडून काढला, 1947 पर्यंत चालला. आमच्या आजीच्या करदोड्याला एक असायचा. (हल्लीची नाणी कोणी घेऊ नयेत. चलनातलं नाणं वितळवणं, मोडणं 2011 च्या नाणे कायद्यानं गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चार आणे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली, तरी मी जुन्या नाण्याला भोक पाडत नाही. भोकाच्या पैशाला ते पाडावंच लागत नाही.)

ताटाच्या तुकड्यावर पैसा ठेवून खिळ्यानं कडेनं रेघ मारायची. त्या गोलाला चार बाजूंनी चार नखं, म्हणजे बाहेर आलेल्या बारक्या पट्ट्या, काढायची, प्रत्येक एक सूत (इंचाचा आठवा भाग) रुंद, आणि वरच्या बाजूला पाचवं नख लांब. पत्रा कापायच्या कात्रीनं कापून घ्यायचं, नखांचे कोपरे कानशीनं मारायचे, नाहीतर ते लुगडं ओढतात. मग तो तुकडा चुलीच्या निखाऱ्यात ठेवून अंधुक लाल होऊ द्यायचा आणि काढून गार करायचा. इथे आच लागते, नाही म्हणत नाही. पण ही पितळ मऊ करायची आच, माहीत असलेल्या एकाच धातूला, अंगणात. मऊ न करता नख वाकवलं तर मुळातच मोडतं. काळा पडलेला पत्रा चिंचेच्या कोळात ठेवला की उजळतो, हे बायांना सांगायला नको.

आता चळत लावायची. खाली पितळ. त्यावर ट्यूबच्या रबराची चकती. त्यावर आरशाचा गोल तुकडा, बारीक, कांचळीला लावतात तसला. त्यावर पैसा, म्हणजे भोकातून आरसा दिसतो. रबर आरशाला खालून वर दाबून धरतं, आणि काच धातूला थेट लागत नाही म्हणून तडकत नाही. हे रबर मला तिसऱ्या फुटलेल्या आरशानंतर सुचलं. मग नखं वाकवायची. एक वाकवलं की त्याच्या शेजारचं नाही, समोरचं घ्यायचं, चाकाची आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढताना इकडची तार ओढली की तिकडची बघतो तसं. सगळी थोडी थोडी, दोन-तीन फेऱ्यांत. शेवटी चमच्याच्या पाठीनं घासून बसवायची, हातोडी इथे नको. पाचव्या लांब नखाला गोल तोंडाच्या पकडीनं मागे गुंडाळलं की दोरा ओवायला नळी तयार. एवढ्या नगात सांधा म्हणून काही नाहीच.

खाली झुलायला छर्रे. मागच्या चाकाचे दोन सुती घेते, पुढच्याचे दीड सुती लहान वाटतात. छर्रा कडक पोलादाचा असतो, घरच्या ड्रिलनं त्याला भोक पडत नाही, ड्रिल बिट जळून जातं. डाख देणं तर दूरच, त्या गुळगुळीत गोळ्यावर तो बसणारही नाही. म्हणून त्याला तारेचा पिंजरा करायचा. तार कुठली? आमच्याकडे तारेला तोटा नाही. लाइन कमी-जास्त झाली की शेतातल्या मोटारी जळतात, आणि मोटार भरणाऱ्याच्या दुकानामागे जळक्या तारेचे गुच्छ पडलेले असतात. तो ते भंगारात किलोनं देतो, मी त्याच भावानं घेते. बोअरच्या सबमर्सिबलची तार मला जास्त आवडते, तिच्यावर प्लास्टिकचं आवरण असतं आणि ते सुरीनं सोलून निघतं. जाळून मात्र कोणी काढू नये, धूर वाईट. सोललेली तार खालून वर दोन बाजूंनी चार वेढे देत नेली, वर पिळून दांडी केली की छर्रा आत फिरतो, बाहेर येत नाही. शेतकऱ्याची जळालेली मोटार, पोरीच्या सायकलचा छर्रा आणि आजीचा पैसा. मी गिऱ्हाइकाला एवढंच सांगते, तीही हसते, मीही हसते.

कडीविषयी एकच गोष्ट, कारण तुमच्या फोटोत ती चुकली आहे, पण ते ता.क. मध्ये लिहीन.

रिबिटाचं मात्र सविस्तर. दोन पत्रे एकावर एक ठेवून भोक एकदम पाडायचं, म्हणजे ते जुळतं. भोक तारेच्या मापाचं, तार थोडी जोर लावून जावी एवढं. सैल भोकात तार वाकते आणि सगळं बिघडतं. तांब्याची तार, दोन्ही बाजूंनी तिच्या जाडीच्या निम्मी ते फार तर जाडीएवढी बाहेर ठेवायची. जास्त ठेवली की टोपी होण्याऐवजी दांडी लवते. तोंड कानशीनं सपाट करायचं. मग ऐरणीवर ठेवून हातोडीच्या गोल बाजूनं हलके हलके, मधे नाही, कडेकडेनं गोल फिरत मारायचं. कड बाहेर सरकते आणि भोकावर टोपी बसते. चार ठोके इकडून, उलटं करून चार तिकडून. आवाजावरून कळतं. आधी टक्‌टक् येतो, बसलं की ठक्क येतो. माझ्याकडे ऐरण नाही, जुन्या पायडलचा तुकडा भिंतीतल्या पकडीत बसवलाय. गावात लोक म्हणतात रुळाचा तुकडा घे, आमच्या बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेचे रूळ जवळच आहेत. पण ती आपली वस्तू नाही, आणि तिच्यावर अजून लोकांचा जीव आहे, मी हात लावत नाही.

रिबिटाची ताकद विचाराल तर कोलकात्याचा हावडा पूल नटबोल्ट न लावता रिबिटांवर उभा केला, तोही 1943 सालीच सुरू झाला, माझ्या पैशाचं आणि त्याचं वय एक. आणि अमेरिकेत अलेक्झांडर काल्डर म्हणून एक मोठा शिल्पकार होऊन गेला, 1976 मध्ये वारला. त्यानं तार आणि पत्रा ठोकून, वळवून, रिबिटं मारून सुमारे 1800 दागिने केले, डाख टाळून. पुतणीनं मोबाइलवर दाखवले. मला त्यातले निम्मे आवडले नाहीत, फार मोठे आहेत, अंगावर घालून भाकरी थापता यायची नाही. पण आता ते संग्रहालयात ठेवलेत, तिथे कोणी त्यांना तात्पुरते म्हणत नाही म्हणे.

आता माझी तक्रार. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या प्रदर्शनात मी नग घेऊन गेले होते. फॉर्मवर दागिन्यांचे दोन रकाने, एक सोनं-चांदी, दुसरा इमिटेशन. माझे नग दोन्हींत बसेनात, म्हणून मला 'टाकाऊतून टिकाऊ' मध्ये टाकलं. माझ्या एका बाजूला बाटल्यांची फुलं, दुसऱ्या बाजूला आइस्क्रीमच्या काड्यांचं घर. त्या पोरांनी मेहनतीनं केलं होतं, त्यांच्याबद्दल काही नाही. पण परीक्षक आले, त्यांनी माझा पैशाचा, गळ्यात घालायचा पदक हातात घेतला आणि म्हणाले, छान आहे काकू, पण काम पक्कं नाही, डाख नाही कुठे.

मी म्हटलं, ओढून बघा.

त्यांनी ओढला. आणि एक कडी उघडली, छर्रा टेबलाखाली गेला. खोटं कशाला सांगू, ती कडी मी सकाळी घाईत बसवली होती, बस सुटत होती म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पदक, आरसा, नखं, रिबिटं जागच्या जागी होती. पिशवीतून पक्कड काढली, छर्रा शोधला, कडी त्यांच्यासमोर बसवली, पुन्हा ओढायला दिला. पुन्हा उघडली नाही. मी त्यांना म्हटलं, साहेब, डाख निघाला असता तर हा नग घेऊन मला दारव्ह्याला परत जावं लागलं असतं. ते हसले आणि 'प्रोत्साहनपर' लिहून पुढे गेले. सत्तावन्न वर्षांच्या बाईला प्रोत्साहन.

'टाकाऊतून टिकाऊ' हा शब्दच मला खटकतो. पैसा टाकाऊ नव्हता, ताट टाकाऊ नव्हतं. आणि जे खरंच टाकाऊ आहे ते मी घेत नाही, हेही लिहा कधीतरी, कारण तुमच्या लेखात 'कोणतीही जुनी वस्तू चालेल' असं वाक्य आहे. चालत नाही. फवारणीच्या पंपाचं पितळी नोझल हातात घेतलं तर मोह होतो, इतका सुंदर मणी असतो तो, भोकासकट तयार. 2017 मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. ज्या नोझलमधून ते औषध गेलं ते मी कोणाच्या गळ्यात घालणार नाही, कितीही धुतलं तरी. औषधाच्या डब्यांची झाकणं नाहीत, बॅटरीतल्या प्लेटा नाहीत, त्या शिशाच्या असतात. निकेलचा मुलामा असलेल्या वस्तू अंगाला लागतील अशा लावत नाही, पुष्कळ बायांना त्यानं खाज सुटते, कान चिघळतो. कानात जाणारी आकडी मी सोनाराकडून चांदीच्या तारेची घेते, एवढी एकच वस्तू नवी विकतची. आणि तांब्याला ॲल्युमिनियम थेट चिकटू देत नाही, घामानं ॲल्युमिनियम खाल्लं जातं, मधे कापडाची किंवा चामड्याची चकती ठेवते.

माझी विनंती दोन. एक, प्रदर्शनं भरवणाऱ्यांपर्यंत तुमचा पेपर जातो, तर फॉर्मवर तिसरा रकाना असावा. नाव काहीही द्या, 'बिनडाखाचं काम' म्हणा. परीक्षक असा नेमा ज्यानं आयुष्यात एकदा तरी रिबिट मारलंय. तो लोहार असला, मोटार भरणारा असला, कांचळी शिवणारी बाई असली तरी चालेल. दोन, बायांना हे शिकवायचं तर पहिल्या दिवशी टॉर्च देऊ नका. पक्कड, कानस, हातोडी आणि एक चेनीचा तुकडा द्या. चेन उघडून परत जोडायला लावा. ज्या बाईला ते जमलं तिला पुढचं मी एका दुपारी दाखवीन, पैसे नकोत, फक्त बुधवारी येऊ नका, बुधवारी बाजार असतो आणि दुकानात गर्दी असते.

रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत मी बसते. मागच्या वेळी एका तरुण पोरीनं सहा नग पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काकू, हे तुटलं तं?" मी म्हटलं, तुटलं तर सायकलवाल्याकडे जा, कोणत्याही. तिला वाटलं मी थट्टा करतेय. तिनं घेतला नाही. तिची आई घेऊन गेली.

आपली वाचक,
सायकलवाली काकू
ता. दारव्हा, जि. यवतमाळ
(नाव छापू नये. तसंही गावात कळेलच.)

ता.क. लेखातल्या तिसऱ्या फोटोत कडीची दोन टोकं डावी-उजवीकडे फाकवून उघडलेली दाखवली आहेत. तशी उघडली की कडीचा गोल बिघडतो आणि पुन्हा कधीच नीट मिटत नाही. दोन पकडींत दोन टोकं धरून एक आपल्याकडे आणि एक पलीकडे सरकवायचं, दाराची फळी उघडतो तसं. मिटवताना दोन्ही टोकं एकमेकांच्या थोडी पुढे नेऊन मागे आणायची, म्हणजे तार ताठ होते आणि टोकं एकमेकांवर दाबून बसतात. फोटो दुरुस्त करून छापावा.

दुसरं ता.क. कड्या कापायला कात्री नको, हेक्सा वापरा. कात्रीनं टोक चिमटलं जातं आणि फट राहते.